ट्रॉली घेताना : ओढणारा आहे, पण थांबवणार कोण?



गेल्या दोन बैठकांपासून एकच विषय फिरतोय, संस्थेची ट्रॉली. कोहिनूर भागात आपल्यापैकी बरेच जण अर्धा दिवस पाण्यावर आणि अर्धा दिवस शेतात असतात. त्यामुळे एकीकडे होडी, जाळी, बर्फाच्या पेट्या, मत्स्यबीजाची टाकी, जनरेटर, आणि दुसरीकडे पॉवर टिलर, डिझेल इंजिन, पेरणी यंत्र, फवारणीचा पंप, हे सगळं इकडून तिकडे न्यायला दरवेळी कुणाची तरी ट्रॉली मागावी लागते. हंगामात ती मिळत नाही, आणि मिळाली तर भाडं तोंडाला येईल तसं. म्हणून आपलीच एक दणकट ट्रॉली घ्यावी असं ठरत आलंय.

सभासद विचारायलेत की इतका वेळ कशाला लावताय? पलीकडे लातूर, उमरगा भागात ऊस वाहतुकीच्या जुन्या ट्रॉल्या स्वस्तात मिळतात, एक आणून टाका. तीन-चार ठिकाणी जाऊन ट्रॉल्या बघितल्या, दोन कारागिरांशी बोललो, ट्रॅक्टरसोबत येणारी पुस्तिकाही नीट वाचली. त्यातून जे कळलं ते इथं लिहितोय. पैसा सगळ्यांचा आहे, आणि ट्रॅक्टरवर बसणारा माणूसही आपल्यातलाच असणार आहे.

आधी मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. भाड्याच्या ट्रॉलीत जनरेटर टाकून तलावाकडं उतरत होतो. हूकात खरी पिन नव्हती, सळईचा तुकडा वाकवून घातला होता. जोडताना तो आम्ही डोळ्यांनी बघितला होता आणि तरी चालू दिलं. उतारावर खड्ड्यात चाक आदळलं, सळई सरळ होऊन वर उडाली, ट्रॉली बाजूच्या नालीत गेली. माणूस कुणी मागं चाललेला नव्हता म्हणून निभावलं. जनरेटरच्या दुरुस्तीचा खर्च संस्थेला बसला. ट्रॉलीवाल्याला बोल लावून उपयोग नाही, बघून न बघितल्यासारखं आम्हीच केलं.

आता मुद्द्यावर येऊ. ट्रॉली म्हटलं की सगळे विचारतात, "किती फुटी?" दहा फुटी, बारा फुटी, चौदा फुटी. फुटावरून जागा कळते, ताकद कळत नाही. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट फाळक्याची ट्रॉली म्हणजे १२० घनफूट, साधारण ३.४ घनमीटर. त्यात मोकळी वाळलेली वैरण भरली तर वजन थोडंच होईल. ओली माती भरली तर पाच टनांच्या वर जाईल. ट्रॉली तीच आणि ओझं कितीतरी पट. म्हणून आधी आपण काय काय नेणार त्याची यादी करा आणि शेजारी वजन लिहा. यंत्रावर धातूची छोटी पाटी ठोकलेली असते, त्यावर वजन असतं. नसेल तर वजनकाट्यावर एक फेरी मारा, काट्याचे पैसे वाया जात नाहीत. पाण्याचं वजन मात्र तोंडपाठ ठेवा. एक लिटर म्हणजे एक किलो. मत्स्यबीजाची हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, टाकीचं स्वतःचं वजन वेगळं.

यादी केल्यावर आम्हाला एक गंमत कळली. रोटाव्हेटरला ट्रॉली लागतच नाही, तो तीन-सांध्याच्या लिफ्टवर उचलून नेता येतो. मळणी यंत्राला बहुतेक स्वतःची चाकं असतात, ते मागं जोडून ओढलं जातं. म्हणजे "शेतीची अवजारं न्यायला मोठी ट्रॉली पाहिजे" म्हणताना आपण ज्या दोन यंत्रांचं नाव घेतो ती दोन्ही ट्रॉलीत चढतच नाहीत. खरी गरज पॉवर टिलर, इंजिन, जनरेटर, पाइप, होडी आणि टाकी यांची. एका फेरीत हे दीड-दोन टनांच्या पुढं क्वचितच जाईल.

दुसरीकडे जेसीबी किंवा मोठं हार्वेस्टर. नेहमीचा जेसीबी साडेसात टनांच्या आसपास भरतो. "आपल्या ट्रॉलीवर घालून नेऊ" असं कुणीतरी बैठकीत म्हणालं. ते होणार नाही. त्याला ट्रकची लो-बेड गाडी लागते, ती भाड्यानेच आणायची. वर्षातून एकदा लागणाऱ्या ओझ्यासाठी वर्षभर अवजड ट्रॉली ओढण्यात डिझेल जातं.

ओढता येतं म्हणून थांबवता येतं असं नाही

आपल्याकडचा ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर स्वतः साधारण दोन टनांचा असतो. त्याच्या मागं आठ-दहा टन ऊस जोडलेला आपण रोज बघतो, आणि ट्रॅक्टर तो ओढतोही. म्हणून आपली समजूत झालीय की ट्रॅक्टरला काही जड नाही. पण ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक साध्या ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. सगळं ओझं थांबवायचं काम त्या दोन चाकांवर.

हिशोब करून बघा. बारा फुटांमागं एक फूट उतरणारा रस्ता धरा, तलावाच्या बांधावरून खाली जाणाऱ्या वाटा याहून कमी नसतात. पाच टनांची भरलेली ट्रॉली अशा उतारावर मागून चारशे किलोच्या जोरानं ट्रॅक्टरला ढकलत असते. थांबलेली असतानाही. त्यात वेग असला की आणखी. वेग ताशी वीसवरून तीस केला तर वेग दीडपट होतो, पण थांबवायला लागणारं बळ किंवा अंतर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतं. ट्रॅक्टर किंचित तिरका असताना ब्रेक मारला की ट्रॉली सरळ जायला बघते आणि ट्रॅक्टरला आडवं फिरवते. ट्रॅक्टर-ट्रॉलीची घडी होते म्हणतात ती अशी.

मोठ्या कंपन्यांच्या ट्रॅक्टर पुस्तिकांत एक नियम असतो, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. ब्रेक नसलेलं ओझं ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपेक्षा जास्त ओढू नये, आणि तेही ताशी ३२ किलोमीटरच्या आत. आपल्या दोन टनांच्या ट्रॅक्टरला हा नियम लावला तर ट्रॉलीसकट तीन टन झाले. ट्रॉली स्वतःच सव्वा ते दीड टनाची असते. म्हणजे आत भरायला उरला फक्त दीड-पावणेदोन टन. हा आकडा बैठकीत सांगितला तेव्हा हसू झालं. "मग ऊसवाले काय करतात?" ऊसवाले काय करतात ते हंगामात रस्त्याच्या कडेला उलटलेल्या ट्रॉल्यांत दिसतंच. सपाट रस्त्यावर, सवयीच्या ड्रायव्हरकडून ते निभावून जातं. चुळकी नाला किंवा मुल्लामारीच्या पाण्याकडं उतरणारी वाट सपाट नाही.

म्हणून आमचं मत असं झालंय : दोन टनांच्या आत नेणार असू तर साधी, हलकी, मजबूत ट्रॉली चालेल. त्याच्या वर नेणार असू तर ब्रेक असलेलीच ट्रॉली घ्यायची, चार पैसे जास्त लागले तरी. ब्रेकवाल्या ट्रॉलीत दोन प्रकार बघायला मिळाले. एकात ट्रॉलीनं मागून ढकललं की दांडीतली सरकणारी नळी दबते आणि चाकांचे ब्रेक आपोआप लागतात. दुसऱ्यात ट्रॅक्टरच्या ब्रेकशी नळीनं जोड असते, पायडल दाबलं की दोन्हीकडं ब्रेक लागतो. दुसरा जास्त चांगला, पण आपल्या ट्रॅक्टरला तशी जोडणी आहे का ते आधी शोरूममध्ये विचारलं पाहिजे. नसेल तर ट्रॉलीचे ब्रेक नुसते शोभेला राहतील.

ड्रायव्हर मंडळींना अजून एक. ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकच्या दोन पायडलांना जोडणारी पट्टी असते. शेतात वळण घ्यायला ती सोडतात आणि रस्त्यावर येताना लावायला विसरतात. मागं ओझं असताना एकाच बाजूचा ब्रेक लागला तर काय होईल ते सांगायला नको. उताराला लागायच्या आधी खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे आपल्यातही आहेत, नावं घेत नाही.

उलार आणि धुरजड

दोन चाकी ट्रॉली की चार चाकी, यावर बराच वाद झाला. जुन्या माणसांना बैलगाडी माहीत आहे. गाडी मागून जड झाली की उलार होते, जू वर उचलतं. पुढून जड झाली की धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर ओझं येतं. दोन चाकी ट्रॉलीचं गणित तेच, बैलाच्या मानेच्या जागी ट्रॅक्टरचा हूक.

समजा हूकापासून ट्रॉलीच्या आसापर्यंत बारा फूट आहेत आणि आत पाच टन भरलेत. वजनाचा मध्य आसाच्या एक फूट पुढं असेल तर हूकावर चारशे किलोच्या आसपास भार येतो. दोन फूट पुढं असेल तर आठशेच्या वर. हूक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्याही मागं असतो, त्यामुळं तिथला भार ट्रॅक्टरचं नाक वर उचलतो. चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग लागत नाही. उलट मध्य आसाच्या मागं गेला की ट्रॉली उलार, ती हूक वर ओढते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते आणि ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते. म्हणून जड यंत्र आसाच्या किंचित पुढं ठेवायचं. हौद्यात तिथं रंगानं एक पट्टा मारून ठेवला की रोज विचार करावा लागत नाही.

चार चाकी ट्रॉलीत हूकावर भार जवळपास येत नाही, ओझं दोन्ही आसांवर बसतं. मोठ्या ओझ्याला ती बरी. पण तिला मागं घेणं फार अवघड. पुढचा आस फिरता असतो, त्यामुळं रिव्हर्समध्ये ती दोन ठिकाणी मोडते. होडी पाण्यात सोडायला आपल्याला ट्रॉली मागं मागंच न्यावी लागते. शिवाय तलावाच्या काठची काळी माती पहिल्या पावसानंतर कशी होते ते सगळ्यांना माहीत आहे. आमचा कल दोन चाकीकडं आहे. कुणाला वेगळं वाटत असेल तर त्यानं एकदा चार चाकी ट्रॉली काठापर्यंत उलटी नेऊन दाखवावी, मग बोलू.

दोन चाकीतला एक धोका मात्र पक्का ध्यानात ठेवा. पॉवर टिलर मागून फळीवरून चढवताना त्याचं सगळं वजन आधी ट्रॉलीच्या शेपटावर येतं. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली नसेल तर पुढची दांडी फाडकन वर जाते, आणि तिथं कुणी उभा असेल तर त्याच्या हनुवटीला लागते. चढवताना-उतरवताना ट्रॉली जोडलेलीच पाहिजे, चाकांना दगड लावलेले पाहिजेत, आणि शेपटाखाली लाकडाचा ठोकळा पाहिजे. चढायच्या फळ्या आखूड नकोत. हौद्याची उंची साडेतीन फूट असेल तर फळ्या निदान चौदा फूट लागतात, म्हणजे चार फुटांना एक फूट चढ. एवढ्या लांब फळ्या कोण बाळगतो? म्हणूनच हौदा जितका खाली तितका बरा. यंत्रं न्यायला खालच्या हौद्याची ट्रॉली घ्या. उंच ट्रॉलीत उभं यंत्र ठेवलं की कालव्याच्या तिरक्या रस्त्यावर कलंडायला वेळ लागत नाही.

याच कारणानं जॅकवाली टिपिंग ट्रॉली आम्हाला नको वाटते. मुरूम टाकायला ती छान. पण तिचा हौदा उंच, वजन जास्त, आणि यंत्राला ओतून खाली टाकायचं नसतं. "मुरूम पण वाहू की" असं काही जणांचं म्हणणं आहे. मुरूमाचा धंदा करायचा असेल तर तो वेगळा विषय बैठकीत घ्या.

तळ, आस, हूक

ऊस आणि माती सगळ्या तळावर सारखी पसरते. यंत्र तसं बसत नाही. जनरेटरचं सगळं वजन चार छोट्या पायांवर येतं. मातीच्या ट्रॉलीचा पत्रा त्याखाली खोलगट होतो, मग चिरतो. म्हणून ट्रॉलीखाली वाकून बघा. आडवे चॅनेल किती आणि किती अंतरावर आहेत? दोन चॅनेलच्या मध्ये पाय ठेवून दाबलं तर पत्रा लवतो का? जुन्या ट्रॉलीला नवा रंग दिलेला असेल तर जास्त शंका घ्या. रंगाखाली वेल्डिंगचे जोड दडतात. दांडी जिथं हौद्याला मिळते तिथली वेल्डिंग सगळ्यात आधी तडकते. तिथं नखानं खरवडून बघायला लाजू नका.

आस सरळ आहे का ते मागून उभं राहून बघितलं की कळतं, वाकलेल्या आसाची चाकं वरून आत किंवा बाहेर झुकलेली दिसतात. चाक जॅकवर उचलून फिरवा, बेअरिंग खरखरतं का ऐका. टायरवर आकडा आणि ताकद दोन्ही छापलेलं असतं, त्यात एका टायरला किती किलो चालतात ते बघून दोननं गुणा. तेवढीच ट्रॉलीची आणि मालाची मिळून मर्यादा. गुळगुळीत टायर असतील तर किंमत त्याप्रमाणं पाडून मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के आणि ट्रॅक्टरच्या टायर-सुट्या भागांवरचा १८ वरून ५ टक्के झालाय, तेव्हा दुकानदार जुना दर सांगत असेल तर बिल मागा.

हूकाला खरी कडक लोखंडाची पिन, तिला खालून कुलपी क्लिप, आणि शिवाय एक जाड साखळी ट्रॅक्टर ते ट्रॉली. पिन निघाली तरी साखळी धरून ठेवते. या तिन्ही वस्तू मिळून ट्रॉलीच्या किंमतीत काहीच नाहीत. मागच्या वर्षी आमच्याकडं यांतली एकही नव्हती.

बांधण्याबद्दल. आपण नायलॉनच्या दोरीवर वाढलेले लोक, आपल्या गाठी कुणी सोडवून दाखवाव्यात! पण नायलॉन ताणतो. जाळ्याला तो गुण आहे, ओझ्याला अवगुण. धक्का बसला की दोरी लांबते, यंत्र सरकतं, मग दोरी सैल. यंत्र बांधायला साखळी किंवा ट्रकवाले वापरतात तो खटक्याचा पट्टा घ्या आणि चारही कोपऱ्यांना ओढून बांधा. त्यासाठी हौद्याच्या तळाला कड्या वेल्ड करून घ्यायच्या. फाळक्याला बांधू नका, फाळका निघतो. आणि मत्स्यबीजाची एक मोठी अर्धी भरलेली टाकी नेण्यापेक्षा दोन लहान टाक्या बऱ्या. अर्ध्या टाकीत पाणी वळणावर एका बाजूला धावतं आणि ट्रॉलीला सोबत नेतं.

कागदपत्रं

इथं बरेच जण कंटाळतात, पण स्वस्त ट्रॉली इथंच महाग पडते. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी लागते. ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूला, आणि ती ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर तिच्या मागं. गावच्या वर्कशॉपमध्ये बनवलेली ट्रॉली घ्यायची तर पैसे द्यायच्या आधी विचारा की त्याच्याकडं मंजुरीचा कागद आहे का आणि नोंदणी कोण करून देणार. "होतंय की सगळं" हे उत्तर चालणार नाही. महाराष्ट्रातून एमएच-२४ किंवा एमएच-२५ ची जुनी ट्रॉली आणली तर तिकडच्या आरटीओचं ना हरकत पत्र घेऊन आपल्या बसवकल्याणला केए-५६ मध्ये नोंद बदलावी लागेल. विकणारा मूळ मालकच आहे का हेही बघा. नोंदीत जेवढं भरलेलं वजन लिहिलंय त्याच्या वर भरलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड वीस हजारापासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार.

विम्याचं तर नीट समजून घ्या. ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉली धरलेली आहे का, आणि "शेतीकामासाठी" लिहिलेलं असताना संस्थेनं सभासदांना भाड्यानं दिली तर भरपाई मिळेल का, हे दोन प्रश्न एजंटाला लेखी विचारून उत्तर लेखी घ्यायचं. तोंडी "हो" अपघातानंतर कुणाला आठवत नाही.

आणि माणसं. ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत. होडीवर बसून येणारे आपले पोरगेही नाहीत. १ ऑक्टोबर २०२२ ला कानपूरजवळ घाटमपूरला देवदर्शनाहून येणाऱ्यांची ट्रॉली तळ्यात उलटली, २६ जण गेले, बहुतेक बायका-मुलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कासगंजला पुन्हा तसंच, पुन्हा तळं, २४ जण. काठावरच्या वाटा कशा असतात ते आपल्याला शिकवायला नको. संस्थेची ट्रॉली झाली की ठरावात ही अट पहिल्या ओळीत लिहायची असं कार्यकारिणीत ठरलंय. मागं लाल-पिवळ्या चमकणाऱ्या पट्ट्या आणि चालणारे दिवे, हेही.

आता पुढचं काम. ज्यांच्या घरी यंत्रं आहेत त्यांनी पाटीवरचं वजन कागदावर लिहून येत्या आठवड्यात कार्यालयात द्यावं, फोटो पाठवला तरी चालेल. उमरग्याकडची एक जुनी दोन चाकी ट्रॉली आणि बसवकल्याणमधल्या एका कारागिराकडची नवी, अशा दोन नजरेत आहेत. बघायला जाताना टेप, जॅक आणि बॅटरी सोबत घेणार आहोत. गाडीत तिघांची जागा आहे, ज्यांना वेल्डिंगमधलं कळतं त्यांनी आधी नाव सांगावं.